तलवार की करवत?



या आठवड्याचं पत्र लांबून आलेलं नाही. आपल्या लातूरच्याच एका मैत्रिणीनं ते पाठवलंय. ती सातवीत शिकते. पत्र चांगलं चार पानी आहे. पहिल्या पानावरचं अक्षर मोत्यासारखं, पण शेवटच्या पानावर पेन इतका दाबून चालवलाय की अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटलीत. राग आलाय तिला! आणि खरं सांगू का, पत्र वाचून मलाही थोडा आला.

झालं असं. शाळेशाळांची सामान्यज्ञान स्पर्धा होती. शेवटची फेरी चित्रांची. पडद्यावर एका माशाचं चित्र आलं. चपटं अंग, पुढे लांबलचक पट्टी आणि त्या पट्टीच्या दोन्ही कडांना दातेच दाते. "हा मासा कोणता?" आमच्या या मैत्रिणीनं ताडकन उत्तर दिलं, "करवत मासा!" प्रश्न विचारणाऱ्या सरांनी हातातला कागद पाहिला आणि मान हलवली. कागदावर लिहिलं होतं, "स्वोर्डफिश, म्हणजेच तलवार मासा." गुण गेला. तिचा संघ त्या एका गुणानं हरला. नंतर धीर करून ती विचारायला गेली, तर तिला सांगण्यात आलं, "अगं, दोन्ही एकच. नावं वेगळी, मासा तोच."

घरी आली तर मोठा भाऊ हसायला लागला. म्हणाला, "लातूरला प्यायला पाणी मिळायची मारामार, समुद्र इथून चारशे किलोमीटर, आणि तू माशाच्या नावावरून भांडतेस?"

पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "काका, खरंच दोन्ही एकच आहेत का? आणि नसतील, तर त्यानं काही फरक पडतो का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. नाही, ते दोन्ही एक नाहीत. पोरी, तुझंच उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे. त्यासाठी आज आपल्याला लातूरमध्ये बसल्या बसल्या भर समुद्रात जावं लागणार. चला तर!

जिरे, शहाजिरे आणि बडीशेप

निघण्यापूर्वी एक मिनिट गंजगोलाईत थांबू. तुमच्यापैकी लातूरकर असतील त्यांना ठाऊकच आहे, गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पाहुणा मधोमध उभा राहिला की त्याला सगळे रस्ते सारखेच दिसतात. लातूरचं पोर मात्र चुकत नाही. का? कारण त्याच्याकडे खुणा असतात. इकडे सराफाची दुकानं, तिकडे चपलांची, पलीकडून मिरचीचा ठसका आला की तो रस्ता किराण्याचा.

याच बाजारात आई तुम्हांला जिरे आणायला पाठवते आणि तुम्ही शहाजिरे घेऊन येता. कधी बडीशेप आणता. नाव सारखं, रूप सारखं, पण भाजी फसली की घरात कळतंच! मग आई काय करते? दाणा तळहातावर घेऊन दाखवते. हा बघ, हा जाड, हा बारीक नि काळसर, हा हिरवट. म्हणजे आई नाव सांगून थांबत नाही, खूण दाखवते.

माशांचंही अगदी तसंच आहे. नाव ऐकायचं, पण विश्वास खुणेवर ठेवायचा.

करवत कुणाची?

सगळ्यात आधी स्पर्धेतलं ते चित्र सोडवून टाकू.

करवत माशाला इंग्रजीत सॉफिश म्हणतात. सॉ म्हणजे करवत, आणि स्वोर्ड म्हणजे तलवार. ऐकायला दोन्ही नावं जवळची, म्हणूनच घोळ होतो. पण हे दोन मासे एकमेकांचे सख्खे सोडाच, चुलतभाऊही नाहीत.

करवत मासा हा पाकट माशांच्या गणगोतातला. म्हणजे शार्कचा नातेवाईक. याच्या अंगात हाडं नसतातच, असते ती कूर्चा. कूर्चा म्हणजे काय? आपला कान वाकवून बघा. जे मऊ पण चिवट लागतं ना, तीच कूर्चा. करवत माशाचा सांगाडा असा कानासारख्या मालाचा बनलेला असतो. त्याचं अंग चपटं, तोंड खालच्या बाजूला आणि श्वास घेण्याच्या कल्ल्यांच्या फटीही खालच्याच बाजूला. करवतीच्या दोन्ही कडांना दात. ही करवत तो माशांच्या थव्यात उजवी-डावी फिरवतो. एवढंच नाही, तर गढूळ पाण्यात आसपासच्या जिवांच्या अंगातली विजेची सूक्ष्म हालचालही त्याला या करवतीनं जाणवते. हत्यार आणि कान एकातच म्हणा ना!

तलवार मासा हाडांचा. कल्ले डोक्याच्या दोन्ही बाजूंना, आपल्या तळ्यातल्या रोहूसारखे. अंग गोलसर, वेगानं पोहायला घडवलेलं. त्याची तलवार म्हणजे वरचा जबडाच लांब वाढलेला असतो. तिच्या कडेला एकही दाता नाही.

म्हणजे पहिली खूण अगदी सोपी. कडेला दाते दिसले की तो तलवार मासा नाही. संपला वाद. त्या दिवशी पडद्यावर दाते होते ना? मग उत्तर कुणाचं बरोबर, हे आता कुणीही सांगेल.

दोन घरं, एक चोच

आता खरी गंमत सुरू होते. करवत मासा बाजूला ठेवला तरी लांब चोचीचे मासे उरतातच, आणि त्यांची नावं भल्याभल्यांना चकवतात. तलवार मासा, शिडाचा मासा, मार्लिन, भाला मासा. समुद्रात गळ टाकून मोठी शिकार करणाऱ्या शौकिनांचे हे जगभरातले आवडते मासे. आणि हे मासे फक्त परदेशातच असतात असं नाही बरं का. आपल्या अरबी समुद्रातही ते फिरतात. टूना पकडायला लावलेल्या जाळ्यांत आणि गळांत ते येतात आणि आपल्या बंदरांवर उतरतात.

शास्त्रज्ञांनी या चोचवाल्यांची दोन घरं केली आहेत. पहिल्या घरात एकटा एक मासा राहतो, तो म्हणजे तलवार मासा. दुसऱ्या घरात बाकी सगळे.

तलवार माशाचं शास्त्रीय नाव आहे झिफियस ग्लॅडियस. लिनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १७५८ साली ते लिहून ठेवलं. झिफियस हा ग्रीक शब्दावरून, ग्लॅडियस हा लॅटिन. दोन्हींचा अर्थ तलवारच! म्हणजे बिचाऱ्याचं पूर्ण नाव झालं तलवार तलवार. लिनियसला त्या तलवारीनं किती भुरळ घातली असेल, बघा.

ही तलवार खरोखर तलवारीसारखी चपटी असते. लक्षात ठेवा, चपटी. दुसऱ्या घरातल्या सगळ्यांची चोच मात्र गोल असते, पोती शिवायच्या दाभणासारखी. आडत बाजारात हमालकाकांच्या हातातलं दाभण पाहिलंय ना? तेच डोळ्यांपुढे आणा. आणि योगायोग असा की मार्लिन हे नावसुद्धा एका दाभणावरूनच आलंय! शिडाच्या जहाजावरचे खलाशी जाड दोरांचे पीळ उलगडायला एक टोकदार लोखंडी सळई वापरत. तिचं नाव मार्लिनस्पाइक. माशाची चोच तशीच दिसली, म्हणून माशालाही तेच नाव पडलं.

तलवार माशाच्या आणखी तीन खुणा. मोठा झाला की त्याच्या अंगावर खवले राहत नाहीत आणि तोंडात दात राहत नाहीत. लहानपणी दोन्ही असतात हं! आपले दुधाचे दात पडून नवे येतात, याचे पडले की पडले. दुसरी खूण, त्याला पोटाखालचे पर नसतात. पर म्हणजे पोहायचे पंख. तिसरी खूण शेपटीच्या बुंध्यापाशी. तिथे प्रत्येक बाजूला एकच उभारलेला कंगोरा असतो. दुसऱ्या घरातल्यांना प्रत्येक बाजूला दोन दोन कंगोरे असतात, आणि पोटाखाली बारीक दोरीसारखे परही असतात.

आणि एक अजब गोष्ट. तलवार मासा दिवसा शेकडो मीटर खोल, अंधाऱ्या आणि गारठलेल्या पाण्यात उतरतो. रात्री वर येतो. त्या थंडीत नजर मंद होऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांमागे ऊब देणारा एक खास अवयव असतो. तो डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. थंडीत आपण कानटोपी घालतो, यानं ती आतून घातलीय!

शीड, काळा, निळा आणि पट्टेवाला

आता दुसऱ्या घराचं दार उघडू.

आत शिरल्याबरोबर जो नजरेत भरतो तो शिडाचा मासा, म्हणजे सेलफिश. पाठीवर केवढा थोरला पर! अंगाच्या जाडीपेक्षाही उंच. उभारला की होडीचं शीड, आणि मिटला की पाठीवरच्या खाचेत गडप. तमिळनाडूचे कोळी त्याला मयिल मीन म्हणतात. मयिल म्हणजे मोर. पिसारा फुलवणारा मासा तो मोरमासाच, नाही का?

या माशाविषयी एक गोष्ट तुम्ही नक्की वाचली असेल, की तो ताशी ११० किलोमीटर वेगानं पोहतो. कितीतरी पुस्तकांत तसं छापलंय. मीही एकदा शाळेत जाऊन सांगितलंय. पण अलीकडे शास्त्रज्ञांनी या माशांवर मोजणीची यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा त्यांचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. आणि तो चोचीनं भाल्यासारखा भोसकतो, हेही तितकंसं खरं नाही. तारलीसारख्या लहान माशांच्या थव्यात तो हळूच चोच घालतो आणि आडवा फटका मारतो. कधी नुसती टिचकी! एखादा मासा डगमगला की तो गट्टम.

यानंतर मार्लिन मंडळी. आपल्या हिंदी महासागरात तीन मार्लिन आहेत. काळा, निळा आणि पट्टेवाला.

इथे एक सापळा आहे, सांभाळा. नावात रंग आहे म्हणून रंगावर जाल तर फसाल. काळा मार्लिन जिवंत असतो तेव्हा पाठीवर गडद निळाच दिसतो. निळा मार्लिनही निळाच. आणि पकडल्यावर, मेल्यावर, दोघांचेही रंग विझतात आणि दोघंही सारखेच काळपट होतात. पट्टेवाल्याचे पट्टेही फिके पडतात. मग ओळखायचं कसं?

काळ्या मार्लिनचा हात धरून बघायचा! म्हणजे त्याचे छातीचे पर. निळ्या मार्लिनचे छातीचे पर अंगाला चिकटवून मिटता येतात. मोठ्या झालेल्या काळ्या मार्लिनचे मात्र मिटत नाहीत. विमानाच्या पंखांसारखे ताठ! जोर लावला तर मोडतील, पण मिटायचे नाहीत. रंग फसवतो, सांधा फसवत नाही. पट्टेवाल्याची खूण पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकात. ते टोक त्याच्या अंगाच्या जाडीइतकं किंवा त्याहून उंच असतं. काळ्या-निळ्यांचं ठेंगणं.

हे मासे केवढे होतात म्हणाल? पेरू देशाच्या काबो ब्लँकोजवळ १९५३ साली गळाला एक काळा मार्लिन लागला. त्याचं वजन भरलं ७०७ किलो. म्हणजे सात क्विंटल! आपल्या बाजार समितीच्या काट्यावरच चढवावा लागेल. त्याच वर्षी शेजारच्या चिली देशात ५३६ किलोचा तलवार मासा मिळाला. गळाने पकडलेल्या माशांचे हे दोन विक्रम अनेक दशकं टिकून राहिले.

घरातला शेवटचा मेंबर भाला मासा. नाव भाला, पण आपल्या समुद्रातल्या भाला माशाची चोच सगळ्यांत आखूड. खालच्या जबड्यापेक्षा जेमतेम पुढे आलेली. नावात भाला आणि हातात पेन्सिलीचा तुकडा!

दीडशे वर्षांहून जुनी चूक

आता तुम्ही म्हणाल, "काका, चुकलं एखादं नाव तर काय आभाळ कोसळतं?" ऐका तर.

अटलांटिक महासागरात पांढरा मार्लिन नावाचा मासा आहे. तो फार पकडला जाऊ लागला, कमी होऊ लागला, म्हणून शास्त्रज्ञ त्याची मोजदाद करू लागले. किती पकडले, किती सोडले, समुद्रात किती उरले असतील, असा सगळा हिशेब.

पण त्याच समुद्रात अगदी तसाच दिसणारा आणखी एक मासा होता. गोल खवल्यांचा भाला मासा. त्याचं वर्णन १८४१ सालीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. पण पुढे फारसा कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही. "असेल पांढऱ्या मार्लिनचंच एखादं वेगळं पोर," असं म्हणून सगळे पुढे गेले. शेवटी २००६ साली त्याच्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या मजकुराची, म्हणजे डीएनएची, तपासणी झाली आणि सिद्ध झालं की हा मासा खरोखरच वेगळा आहे. १८४१ ते २००६. करा बरं वजाबाकी!

मग बाहेरची खूण शोधली. खवले तर गोल होतेच. शिवाय पोटाखालचं शी करायचं छिद्र आणि त्यामागचा पर, यांतलं अंतर. हसू नका! पांढऱ्या मार्लिनमध्ये ते अंतर अगदी थोडं, या भाला माशात चांगलं लांब. एवढीशी खूण, पण कुणी तिकडे बघितलंच नव्हतं.

आता विचार करा. इतकी वर्षं पांढऱ्या मार्लिनच्या वहीत जे आकडे लिहिले गेले, त्यांत कितीतरी हे दुसरेच मासे होते. वहीत मार्लिन जास्त दिसत होते, समुद्रात तितके नव्हते. समजा वर्गात हजेरी घेताना दोन सारख्या नावांच्या मुलांची हजेरी एकाच्याच नावावर पडली, तर एक मुलगा शाळेत आहे की नाही हेच कुणाला कळणार नाही. माशांचं नेमकं हेच झालं.

आपल्या देशातही ही हजेरी घेतली जाते. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. ती १९४७ साली सुरू झाली. तिची माणसं बंदराबंदरांवर जातात, होड्यांतून उतरलेली मासळी बघतात आणि कोणत्या जातीचे किती, ते लिहून घेतात. त्या नोंदींवरून ठरतं, कोणता मासा भरपूर आहे आणि कोणाला थोडी उसंत द्यायला हवी. त्या वहीत नाव चुकलं, की पुढचं सगळं गणित चुकलं.

म्हातारा कोळी आणि त्याचा मासा

नाव चुकण्याची एक हुरहूर लावणारी गोष्ट एका प्रसिद्ध पुस्तकातही आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाची एक लहानशी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे यांनी ती मराठीत आणली, 'एका कोळियाने' या नावानं. तुमच्या शाळेच्या वाचनालयात असेल. आईबाबांनी तर वाचलीच असेल.

त्यातला म्हातारा कोळी एकटा समुद्रावर जातो. त्याच्या गळाला त्याच्या होडीपेक्षा मोठा मार्लिन लागतो. दिवस-रात्र झुंज चालते. तो मासा मारतो, पण परत येताना वाटेत शार्क त्या माशाचे लचके तोडतात. किनाऱ्याला पोचतो तेव्हा उरलेला असतो तो नुसता सांगाडा. शेवटी काही प्रवासी तो सांगाडा बघतात. हॉटेलातला माणूस त्यांना शार्कनं काय केलं ते सांगू पाहतो, पण त्यांचा समज होतो की हा सांगाडाच शार्कचा. झालं! ज्या माशासाठी म्हाताऱ्यानं जीव पणाला लावला, त्याच्या नावावर त्याच्या शत्रूचं नाव लागलं.

पुस्तक मिटताना ती गोष्ट मनाला का टोचते, हे आता तुम्हांला समजेल. चुकीचं नाव देणं म्हणजे समोरच्याकडे नीट न बघणं.

पंचवीस हजारांची खूण

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, अंधाऱ्या पहाटे, एका होडीवर जाळं वर ओढलं जातंय. त्यात काहीतरी मोठं धडपडतंय. पुढे लांब पट्टी आहे. तांडेल बॅटरी मारतो. तलवार की करवत?

तलवार मासा असेल तर ठीक. तो विकता येतो. पण करवत मासा असेल तर? करवत माशाच्या करवतीचे दाते जाळ्यात अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. असे अडकून अडकून हा मासा जगातून नाहीसा व्हायच्या वाटेवर आहे. म्हणून आपल्या देशात २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघ ज्या यादीत आहे ना, त्याच यादीत! त्याला पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. तलवार मासा या यादीत नाही.

म्हणजे त्या तांडेलाला दोन-चार मिनिटांत ओळख पटवायची असते. करवत मासा सोडायचा तर बहुतेक वेळा जाळं कापावं लागतं. आणि जाळं म्हणजे कोळ्याचं शेत. ते कापायचं म्हणजे उभ्या पिकात कोयता घालायचा. म्हणून महाराष्ट्र शासनानं डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात सापडला आणि तो सोडवताना जाळं कापावं लागलं, तर कोळ्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई द्यायची. अट एवढीच, की सोडलेल्या प्राण्याचं छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून दाखवायची.

बघा, खूण ओळखता आली तर एक जीव वाचतो आणि कोळ्याचं जाळंही भरून निघतं. 'दोन्ही एकच' म्हटलं, तर मासाही जातो आणि कायद्याचा बडगाही बसतो. स्पर्धेत एक गुण गेला, इथे बरंच काही जातं. तेव्हा नावानं फरक पडतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, पडतो. खूप पडतो.

आणि लातूरचं काय?

आता भाऊरायाकडे वळू. तो म्हणतो, लातूरला समुद्रच नाही. खरं आहे. पण तळी आहेत, मांजरा नदी आहे, आणि रविवारच्या बाजारात मासेही येतात. तिथे रोहू, कटला आणि मृगल असे तीन चुलतभाऊ एकाच टोपलीत भेटतात. तिघांनाही आपण नुसतं 'मासा' म्हणून मोकळे होतो. पण त्यांची तोंडं बघितलीत? कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगलाचं तोंड खाली, कारण तो तळाशी चरतो. रोहू मधला. म्हणूनच शेततळ्यात तिघं एकत्र सोडतात. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. जो तळं पाळतो त्याला ही ओळख असावीच लागते. तेव्हा भाऊराया, खुणा ओळखायला समुद्र लागत नाही, डोळे लागतात.

जाता जाता माझीही एक फजिती सांगतो. मी कितीतरी वर्षं मुलांना सांगत होतो की जगातला सर्वांत मोठा मासा म्हणजे देवमासा. एका चौथीतल्या मुलानं हात वर केला. म्हणाला, "काका, देवमासा पिल्लांना दूध पाजतो. मग तो मासा कसा?" माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं! खरंच, देवमाशाच्या नावात मासा आहे, पण तो मासा नाही. सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क, आणि त्याच्या नावात व्हेल असूनही तो देवमासा नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, आधी खूण, मग नाव. आणि चूक झाली तर सगळ्यांसमोर दुरुस्त करायची.

म्हणून पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणीला एक सुचवतो. हा लेख घेऊन त्या सरांकडे जा. भांडायला नको हं, दाखवायला. म्हणावं, "सर, दाते बघा." गेलेला गुण कदाचित परत मिळणार नाही. पण पुढच्या वर्षी त्या पडद्यावर चित्र येईल तेव्हा कागदावर बरोबर नाव असेल, आणि ते तुझ्यामुळे असेल. सर मोठ्या मनाचे असतील, तर तेच सगळ्यांना सांगतील. आणि पालकहो, आपलं मूल "हे दोन्ही एकच नाहीत" असं म्हणत आलं, तर "गप रे" म्हणण्याआधी एकदा "कशावरून?" असं विचारून बघा.

घरचा अभ्यास

पुढचे चार मासे ओळखा. उत्तरं खाली दिली आहेत, पण आधी बोट ठेवून झाका!

१. चोच लांब आणि चपटी, पोटाखाली पर नाहीत, शेपटीपाशी प्रत्येक बाजूला एकच कंगोरा.
२. चोच दाभणासारखी गोल, अंग काळपट, छातीचे पर ताठ, काही केल्या मिटत नाहीत.
३. लांब पट्टीच्या दोन्ही कडांना दाते, कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला.
४. पाठीवरचा पर अंगाच्या जाडीपेक्षा खूप उंच, मिटला की खाचेत बसतो.

उत्तरं : १. तलवार मासा. २. काळा मार्लिन. ३. करवत मासा. हा दिसला की सोडून द्यायचा! ४. शिडाचा मासा.

आणि पाचवा प्रश्न तुमच्यासाठी. तुमच्या गावात एकाच नावानं ओळखल्या जाणाऱ्या, पण खरं तर वेगळ्या असणाऱ्या दोन गोष्टी शोधा. धान्य असो, पाखरू असो, गवत असो. त्यांच्यातली एक तरी पक्की खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मला पत्रानं कळवा. चांगल्या पत्रांबद्दल इथेच बोलू.

तोवर, आधी खूण, मग नाव!

तुमचा,
काका